नाचणीचा बेवड आणि लहान शेतकऱ्याचा हिशेब

बंगळूर शहराच्या बसवनगुडी भागात दरवर्षी कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला 'कडलेकाई परिषे' असे म्हणतात. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी नव्या शेंगांच्या राशी रस्त्याच्या दुतर्फा मांडतात आणि पहिला वाटा नंदीच्या देवळात वाहतात. शेतात शिरून शेंगा खाणाऱ्या नंदीची आख्यायिका या जत्रेशी जोडलेली आहे. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक असल्यामुळे त्या आख्यायिकेच्या कालगणनेत फार खोल शिरण्याचे कारण नाही. पुढे डिसेंबर-जानेवारीत, थंडी पडली म्हणजे, याच शहराच्या विश्वेश्वरपुरम भागात अवरेचा मेळा भरतो. अवरे म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पावटा किंवा वाल म्हणतात ते कडधान्य. ही दोन्ही पिके शहरवासीयांना वेगवेगळी दिसतात; शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एकाच शेताची आहेत, आणि ते शेत मुळात नाचणीचे आहे. एक पीक नाचणीच्या आधीच्या वर्षी येते, दुसरे नाचणीच्या ओळींमध्ये उभे असते. या तिन्ही पिकांची सांगड कशी घालावी, कोणत्या सांगडीत अधिक धान्य आणि अधिक पैसा पदरी पडतो, हा प्रश्न बंगळूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, आणि गेली अनेक दशके तो शास्त्रीय प्रयोगांच्या साहाय्यानेही विचारला जात आहे. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम भूमीविषयी. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील जमीन तांबडी, वाळूमिश्रित, वरच्या थरात हलकी असते. तीत सेंद्रिय कर्ब कमी असतो आणि ओल फार काळ टिकत नाही. सोलापूर-विजापूरच्या काळ्या जमिनीत पाऊस संपल्यावरही रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर उभी राहते, तशी सोय येथे नाही. उलट पावसाचा स्वभाव येथे काहीसा उदार आहे. वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा, आणि दुसरा, मोठा टप्पा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मधल्या जून-जुलैत ढग असतात, वारा असतो, पण पाऊस बेताचाच असतो. नाचणीचे सारे वेळापत्रक या दोन टप्प्यांच्या मध्ये बसविलेले आहे.

शेते लहान आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार कर्नाटकात धारणक्षेत्राची सरासरी १.३६ हेक्टर होती, साऱ्या देशात ती १.०८ हेक्टर होती. दोन हेक्टरांच्या आतील शेतकऱ्यास सरकारी परिभाषेत 'लहान' व एक हेक्टराच्या आतील शेतकऱ्यास 'सीमांत' असे म्हटले जाते; देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार या दोन वर्गांत मोडतात. अशा शेतकऱ्याला एखादा तुकडा पडीक ठेवून जमिनीला विसावा देणे परवडत नाही. त्याला फेरपालट करावयाची तर ती पिकाची पिकाशीच करावी लागते. आणि एका वर्षी तोट्याचे पीक घेऊन पुढल्या वर्षी भरून काढू, असे म्हणण्याइतकी गंगाजळी त्याच्यापाशी नसते. फेरपालटीची तुलना करणाऱ्या अनेक विद्वत्तापूर्ण लेखांत हा दुसरा मुद्दा सुटून जातो.

शास्त्रज्ञ येण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतः काढलेला तोडगा 'अक्कडी' या नावाने ओळखला जातो. नाचणीची पेरणी 'कुरिगे' नावाच्या अनेक फणांच्या पाभरीने होते. तिच्यामागे एक स्त्री किंवा मुलगा 'सड्डे' नावाची पोकळ नळी ओढत चालतो आणि ठरावीक अंतराने एका ओळीत दुसरेच बी सोडतो. महाराष्ट्रात तिफणीमागून मोघणाने तूर पेरण्याची जी रीत आहे तिच्याशी याचे साम्य श्रोत्यांच्या ध्यानात येईल. अक्कडीच्या या ओळीत पावटा असतो, तूर असते, चवळी असते, ज्वारी असते, मोहरी, कारळे आणि एरंडही असतो. कित्येकदा एकाच ओळीत यांतील तीन-चार बिया मिसळलेल्या असतात. दुरून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. वस्तुतः प्रत्येक बियाला काम नेमून दिलेले आहे. मोहरी व चवळी लवकर निघून जातात. ज्वारीचा कडबा गुरांसाठी असतो. कारळे व एरंड यांपासून तेल मिळते. पावटा व तूर ही दोन्ही नाचणी कापून झाल्यावरही शेतात उभी राहतात. पावट्याची जुनी वाणे दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. नाचणीची कणसे भरत असताना ती गुमान पसरून राहतात आणि नोव्हेंबरात नाचणी निघाली की मोकळ्या झालेल्या उन्हात, उरल्यासुरल्या ओलीवर व हिवाळी दवावर शेंगा धरतात. एकाच जमिनीचे दोन हंगाम करण्याची ही युक्ती कोणी शोधली हे सांगता येत नाही.

बंगळूरमधील शास्त्रीय शेतीचा आरंभ १८९९ मध्ये झाला. म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान यांनी त्या वर्षी हेब्बाळ येथील ३० एकर जमीन प्रायोगिक शेतीसाठी दिली आणि रसायनशास्त्रज्ञ डॉ. लेहमान यांनी तेथे काम सुरू केले. पुढे १९०८ मध्ये कॅनडाहून लेस्ली कोलमन हे कीटकशास्त्रज्ञ आले. संस्थानच्या शेती खात्याचे ते दीर्घकाळ संचालक होते आणि १९१३ मध्ये हेब्बाळला शेतीची शाळा निघाली ती त्यांच्याच कारकीर्दीत. १९६४ मध्ये कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व शहराच्या उत्तरेस गांधी कृषी विज्ञान केंद्र या नावाचे त्याचे विस्तीर्ण आवार उभे राहिले. नाचणीच्या सुधारणेत मात्र सर्वांत मोठे नाव एका व्यक्तीचे आहे. डॉ. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी मंड्य येथील केंद्रावर भारतीय व आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' मालिकेतील वाणे तयार केली. भारत आणि आफ्रिका या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'इंडाफ' हा शब्द झाला आहे. या वाणांनी नाचणीचे उत्पादन वाढविले. त्याचबरोबर, नाचणी एकटीच घ्यावी, मधल्या ओळी काढून टाकाव्यात, असा विचारही काही काळ बळावला. अधिक पीक देणारे वाण हाती आल्यावर अक्कडी ही मागासलेपणाची खूण वाटू लागणे स्वाभाविक होते.

१९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि बंगळूर हे त्याचे एक केंद्र झाले. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची परंपरा देशात त्याहून जुनी आहे. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ मध्येच असे काम सुरू झाले होते. तथापि बंगळूर केंद्राने १९७८ मध्ये जो प्रयोग मांडला तो एका कारणासाठी विशेष मोलाचा आहे. तो वर्षानुवर्षे त्याच तुकड्यांवर, त्याच पद्धतीने चालू ठेवण्यात आला. शेतीतील बहुतेक प्रयोग तीन वर्षांत संपतात, कारण अनुदान तीन वर्षांत संपते. जमीन मात्र तीन वर्षांत आपले उत्तर देत नाही.

या प्रयोगाची रचना साधी आहे. एका भागात दरवर्षी नाचणीच घ्यावयाची; दुसऱ्या भागात एक वर्ष भुईमूग व पुढील वर्ष नाचणी अशी पालट करावयाची. प्रत्येक भागात काही तुकड्यांना कोणतेही खत द्यावयाचे नाही, काहींना हेक्टरी १० टन शेणखत द्यावयाचे, काहींना शेणखताबरोबर शिफारस केलेल्या रासायनिक खताची अर्धी किंवा पूर्ण मात्रा, आणि काहींना केवळ रासायनिक खत. म्हणजे पीकपालट आणि खत या दोन गोष्टींची तुलना एकाच वेळी होते.

यातून निघालेले सर्वांत बोलके आकडे केवळ रासायनिक खतावर वाढविलेल्या एकट्या नाचणीचे आहेत. पहिल्या पाच वर्षांत या तुकड्यांचे सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारे २,८८० किलोग्रॅम होते. तीन वर्षांनी प्रयोग थांबविला असता, तर रासायनिक खत पुरेसे आहे असा निष्कर्ष निघाला असता आणि तो त्या घडीला चुकीचाही ठरला नसता. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मात्र तेच उत्पन्न सुमारे १,४९० किलोग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या तुकड्यांना शेणखत आणि पूर्ण मात्रेचे रासायनिक खत दोन्ही मिळत होते, त्यांचे उत्पन्न तीन टनांच्या आसपास टिकून राहिले. खताविना ठेवलेले तुकडे एक टनाच्याही खाली गेले. पाऊस सर्वांवर सारखाच पडत होता.

ही घट का झाली, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. तांबड्या जमिनीत सेंद्रिय कर्ब मुळातच थोडा असतो. शेणखताविना तो आणखी घटतो, आणि त्याबरोबर जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती घटते. नत्रयुक्त खतांनी जमीन हळूहळू आम्ल होत जाते. नाचणीच्या काडातून पालाश मोठ्या प्रमाणावर शेताबाहेर जातो. एकच पीक दरवर्षी घेतल्याने त्याची मुळे त्याच थरातून तीच द्रव्ये ओढतात. यांतील प्रत्येक कारण लहान आहे. एकोणीस वर्षांनी त्यांची बेरीज होते.

भुईमुगाची पालट केलेल्या भागात, तेच खत दिले असता, नाचणी अधिक चांगली येते असे आढळले. मराठी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मागील पिकाने जमिनीवर ठेवलेल्या परिणामास मराठीत 'बेवड' हा नेमका शब्द आहे, आणि भुईमुगाचा बेवड तृणधान्याला मानवतो हे देशावरचा कोणताही जाणता कुणबी सांगेल. परंतु या बेवडाचे सारे श्रेय मुळांवरील गाठींत साठणाऱ्या नत्राला देण्याची जी प्रथा पाठ्यपुस्तकांत पडली आहे, ती थोडी तपासून पाहिली पाहिजे. भुईमूग हवेतील नत्र बांधतो हे खरे. पण त्यातील मोठा भाग दाण्यात व पाल्यात जातो. शेंगा बाजारात जातात आणि पाला गोठ्यात. लहान शेतकरी भुईमूग मुळासकट उपटतो, वेलही घरी नेतो. अशा वेळी जमिनीत उरणारे नत्र पुस्तकात सांगितले जाते त्याच्या मानाने पुष्कळच कमी असते. बेवडाचा उरलेला लाभ इतर मार्गांनी येतो. भुईमूग उपटताना जमीन खोल भुसभुशीत होते. नाचणीच्या रोगकिडींना एक वर्ष आश्रय मिळत नाही. दोन्ही पिकांत उगवणारी तणे निराळी असतात व त्यांची खुरपणीही निराळ्या वेळी होते. आणि पाला गोठ्यात गेला तरी शेणखताच्या रूपाने तो परत येऊ शकतो. गोठा स्वतःचा असेल तर.

या शेवटच्या अटीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. हेक्टरी १० टन शेणखत ही प्रयोगातील मात्रा आहे. तेवढे शेणखत दरवर्षी मिळवावयाचे तर हेक्टरामागे निदान दोन-तीन गुरे दावणीला हवीत, आणि त्यांचे शेण गोवऱ्यांसाठी न वापरता उकिरड्यात गेले पाहिजे. बैल कमी होऊन ट्रॅक्टर आल्यापासून हे दुष्कर झाले आहे. बंगळूरच्या परिसरात दूधधंद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. संकरित गाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर नाचणीच्या काडाला पुन्हा किंमत आली. पीकपालटीची तुलना करताना केवळ धान्य मोजणारा अभ्यासक येथे हमखास चुकतो. नाचणीचे काड भाताच्या पेंढ्यापेक्षा गुरे आवडीने खातात आणि ते वर्षभर टिकते. ज्या वाणाचे धान्य थोडे अधिक पण काड आखूड, ते वाण शेतकऱ्याने नाकारले तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या ताळेबंदात दूध हा स्वतंत्र रकाना आहे.

आता पैशांच्या हिशेबाकडे वळावयाचे. आंतरपिकाची तुलना एकट्या पिकाशी करण्यासाठी शास्त्रज्ञांनी 'समतुल्य क्षेत्र प्रमाण' नावाचे माप काढले आहे. त्याचा अर्थ असा की मिश्र शेतातून जेवढे उत्पन्न आले, तेवढे वेगवेगळी पिके घेऊन मिळवावयाचे तर किती जमीन लागली असती. बंगळूर केंद्राने अक्कडीची सुधारलेली आवृत्ती म्हणून नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, तसेच भुईमुगाच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी अशी शिफारस केली. तिचा हिशेब कसा चालतो हे समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेता येतील. समजा, एक हेक्टर एकटी नाचणी २५ क्विंटल देते आणि एक हेक्टर एकटी तूर १० क्विंटल देते. मिश्र शेतात नाचणी २१ व तूर ३ क्विंटल आली. नाचणीचे प्रमाण ०.८४, तुरीचे ०.३०, बेरीज १.१४. याचा अर्थ मिश्र शेताने १४ टक्के जमीन वाचविली.

पण शेतकरी जमीन विकत घ्यायला निघालेला नाही. त्याला रुपये हवे आहेत. २०२४-२५ या वर्षीचे हमीभाव घेतले तर नाचणीचा भाव क्विंटलला ४,२९० रुपये व तुरीचा ७,५५० रुपये होता. या भावाने एकट्या नाचणीचे २५ क्विंटल १,०७,२५० रुपयांचे होतात. मिश्र शेताची नाचणी ९०,०९० रुपयांची व तूर २२,६५० रुपयांची, एकूण १,१२,७४०. फरक ५,४९० रुपयांचा, म्हणजे केवळ पाच टक्क्यांचा. जमिनीच्या मापाने १४ टक्के असलेला लाभ पैशाच्या मापाने एवढा आक्रसतो. त्यातून तुरीची वेगळी कापणी, वेगळी झोडपणी, वेगळी राखण यांचा खर्च वजा करावयाचा आहे. रोजगार हमी योजनेचा कर्नाटकातील त्या वर्षीचा दर रोजी ३४९ रुपये होता. त्या दराने हे साडेपाच हजार रुपये पंधरा-सोळा दिवसांच्या मजुरीतच खर्ची पडतात. घरचीच माणसे राबली तर पैसा घरात राहतो, मजूर लावले तर तो मजुरांकडे जातो. म्हणूनच ज्या घरात हात पुष्कळ आहेत तेथे अक्कडी टिकली, आणि ज्या घरातील तरुण बंगळूरला कामावर गेले तेथे ती मोडली.

हे हात कोणाचे, हेही सांगितले पाहिजे. नळी धरून बी सोडणे, खुरपणी, पावट्याच्या शेंगा तोडणे, बी निवडून पुढल्या वर्षासाठी राखेत घालून ठेवणे, ही सारी कामे बव्हंशी स्त्रिया करतात. खर्चाच्या तक्त्यात 'कुटुंबाचे श्रम' या रकान्यात त्यांची नोंद होते आणि कित्येक तक्त्यांत तो रकाना शून्याने भरलेला असतो. शून्य धरले की मिश्र शेती फार नफ्याची दिसते. पुरुषमजुराचा पूर्ण दर धरला की ती तोट्याची दिसते. दोन अहवालांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आले, तर वाचकाने आधी हा रकाना पाहावा.

याच कल्पित शेतावर दुष्काळाचे वर्ष आले असे धरले, तर चित्र पालटते. सप्टेंबराचा पाऊस उशिरा आला. एकटी नाचणी ८ क्विंटलांवर आली, मिश्र शेताची ६ वर. तुरीचे सोटमूळ खोल जाते व ती उशिरा पिकते. उशिराच्या पावसाचा उपयोग तिला झाला आणि तिने आपले ३ क्विंटल राखले. एकट्या नाचणीचे ३४,३२० रुपये, मिश्र शेताचे ४८,३९०. चांगल्या वर्षी साडेपाच हजारांचा असलेला फरक वाईट वर्षी चौदा हजारांवर गेला, आणि तो नेमका सावकाराच्या दारी जाण्याच्या वर्षी गेला. सरासरी काढणारा अभ्यासक ही दोन वर्षे मिसळून टाकतो. शेतकरी ती मिसळत नाही.

बंगळूर केंद्राची आणखी एक शिफारस पावसाच्या पहिल्या टप्प्याचा उपयोग करण्याविषयीची आहे. वळवाच्या पावसावर मे महिन्यात चवळी पेरावयाची. शेंगा घेऊन झाल्यावर तिचा पाला जमिनीत गाडावयाचा. आणि दरम्यान वाढविलेल्या तरव्यातील नाचणीची रोपे ऑगस्टमध्ये लावावयाची. नाचणीची रोपलावणी कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. बंगळूरच्या पठारावर, जेथे पाभरीने पेरण्याचीच चाल, तेथे ती पुष्कळांना नवी होती. कागदावर ही पालट उत्तम आहे: एका वर्षात दोन पिके, शिवाय हिरवळीचे खत. शेतात तिचा पाय दोन ठिकाणी अडकतो. वळीव दरवर्षी वेळेवर पडत नाही. आणि मेमध्ये शेतात पीक उभे असेल तर गावची मोकळी चरणारी गुरे त्याला सोडत नाहीत. एकट्या शेतकऱ्याने चवळी पेरली तर ती साऱ्या गावाच्या गुरांसाठी पेरल्यासारखे होते. सारे शिवार मिळून पेरील तेव्हाच ही पालट साधते.

बाहेरच्या जगातील एक तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. अमेरिकेतील आयोवा राज्यात, मक्यानंतर सोयाबीन व सोयाबीननंतर पुन्हा मका अशा दोन वर्षांच्या पालटीच्या प्रदेशात, मार्सडेन फार्म या ठिकाणी २००१ पासून तीन व चार वर्षांच्या पालटींचा प्रयोग सुरू झाला. त्यांत मका व सोयाबीन यांच्याबरोबर ओटसारखे तृणधान्य, तांबडा घास व लसूणघास ही पिके घातली आणि गुरांचे खत दिले. लांब पालटीत रासायनिक खत व तणनाशक पुष्कळ कमी लागले, उत्पन्न घटले नाही, आणि नफा दोन वर्षांच्या पालटीइतकाच राहिला. वाढले ते केवळ श्रम. आयोवातील ते शेत आणि बंगळूरजवळील तीन एकरांचे हे शेत यांत साम्य काहीच नाही, तरी निष्कर्षाची ठेवण सारखी आहे. पिकांची विविधता खताचा खर्च वाचविते आणि माणसांचा व गुरांचा वेळ मागते.

वेळ न मागणारे पीकही या प्रदेशाने पाहिले आहे. १९७० व १९८० च्या दशकांत कोलार व बंगळूर जिल्ह्यांत नाचणीच्या कित्येक शेतांत निलगिरीची झाडे लागली. एकदा लावली की काही वर्षांनी तोड, पुन्हा फुटवे, पुन्हा तोड. कागद व रेयॉनच्या गिरण्या लाकूड घेत. नांगर नको, राखण नको, मजूर नकोत. मालक शहरात राहूनही ही शेती करू शके. त्या काळी यावर मोठा वाद झाला. निलगिरी पाणी किती पिते, यावरच तो पुष्कळसा केंद्रित झाला. त्या मानाने दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष कमी गेले: निलगिरीच्या शेतातून काड येत नव्हते, पावटा येत नव्हता, आणि खुरपणीचा रोज मिळत नव्हता. मालकाच्या ताळेबंदात नफा दिसे. भूमिहीन बाईच्या ताळेबंदात तोच तोटा होता. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीस बंदी केली. जेथे बुंधे उपटून काढले तेथेही ती जमीन नाचणीस पुन्हा योग्य करणे हे खर्चाचे व चिवट काम आहे.

विहिरीचे पाणी असलेल्यांनी निराळी वाट धरली. तुती, द्राक्षे, गुलाबी कांदा, टोमॅटो, फुले यांना बंगळूरचा बाजार हाताशी आहे आणि एका एकरातील भाजी चांगल्या भावाच्या वर्षी नाचणीच्या अनेक पट पैसा देते. तथापि कूपनलिका खोल खोल जात कोरड्या पडल्या, आणि २०१८ पासून कोलारच्या तलावांत बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी सोडण्याची वेळ आली. ज्यांची कूपनलिका आटली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या शेतात पुन्हा नाचणी दिसू लागली. भाजी आणि नाचणी यांची जी पालट प्रत्यक्षात घडते ती अशा रीतीने पाण्याच्या पातळीनुसार घडते. कोणत्याही प्रयोगाच्या आराखड्यात ती नाही.

देशातील निम्म्याहून अधिक नाचणी आजही कर्नाटकात पिकते. तिच्या खरेदीची हमी राज्याने वाढविली, दक्षिणेकडील जिल्ह्यांत शिधावाटपात ती दिली जाऊ लागली, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. या साऱ्याचा एक अनपेक्षित परिणाम पीकपालटीवर होऊ शकतो. सरकार नाचणी विकत घेते, तूर विकत घेते, भुईमूग विकत घेते. पावट्याला हमीभाव नाही. खरेदी केंद्रावर निवडक, एकजिनसी धान्य लागते. मोहरी-कारळे मिसळलेले धान्य परत पाठविले जाते. अशा व्यवस्थेत एकट्या नाचणीचे शेत सोयीचे ठरते, आणि १९७८ च्या प्रयोगातील त्या घसरत गेलेल्या तुकड्यांची पहिली पाच वर्षे गावोगाव नव्याने सुरू होण्याचा संभव असतो.

पावट्याची गोष्ट त्यातल्या त्यात वेगळी आहे. विद्यापीठाने 'हेब्बाळ अवरे-३' व 'हेब्बाळ अवरे-४' ही वाणे काढली. दिवसाच्या लांबीचे बंधन त्यांना नाही, वर्षातून केव्हाही पेरली तरी ती लवकर फुलतात. त्यामुळे हिरव्या शेंगा बाजारात बाराही महिने येऊ लागल्या व पावटा हे भाजीचे स्वतंत्र पीक झाले. अक्कडीच्या ओळीत मात्र हे वाण बसत नाही. नाचणी उंच होण्याच्या ऐन वेळी ते फुलावर येते आणि त्याच्या शेंगा तोडण्यासाठी उभ्या नाचणीत पाय घालावे लागतात. त्या ओळीसाठी दिवस लहान होईतो वाट पाहणारे जुने वाणच हवे असते. त्याच्या शेंगांना थंडीत चिकट, उग्र वासाचा रस सुटतो, आणि बंगळूरचे जुने रहिवासी आजही मंडईत शेंगा आधी नाकाशी नेऊन पाहतात. वास आला तरच पिशवीत टाकतात, आणि त्यासाठी किलोमागे दोन पैसे अधिक मोजतात.